विमानतळावर राहिलेली छऱ्यांची बंदूक

मैत्रिणींनो, आज ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. माणसाला जे हवं होतं ते फोटोपुढे ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. द्राक्षांवरची पाखरं उडवायला ह्यांना छऱ्यांची बंदूक हवी होती, ती राहूनच गेली.

अमेरिकेत ती दुकानात सहज मिळते, म्हणून तिथे राहणाऱ्या लेकीने घेतली. ती इथे आणायला परवाना लागतो, हे तिला विमानात शेजारच्या बाईंकडून कळलं. मुंबईत बॅग हातात येताच तिने स्वतः जाऊन कस्टमवाल्यांना सांगितलं. बंदूक त्यांनी ठेवून घेतली. आज सकाळी ती नाशिकला रिकाम्या हाताने आली.

"अगं वेडे, गप बाहेर पडायचं! कोण बघणार होतं?" नणंद म्हणाली.

"आत्या, बाबांपुढे चोरून आणलेली वस्तू ठेवू?"

मी माळ्यावरून ह्यांची गोफण काढली. तिनेच ते जन्मभर पाखरं उडवत आले होते. लेकीने ती फोटोपुढे ठेवली आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

जेवताना नणंदेने न विचारता तिच्या पानात आणखी दोन वडे वाढले.

ह्यांनीही कस्टमवाल्यांना असंच स्वतःहून सांगितलं असतं. तुमच्या लेकीने असं केलं असतं, तर तुम्ही तिला वेडी म्हणाला असता का?