पाचव्या घरचा जोगवा

पंचवीस वर्षं मी बीडमध्ये लोकांच्या दारात मांडव घातले. मंडप माझा, खुर्च्या माझ्या, स्पीकर माझा आणि माइकवरचा आवाजही माझाच. "मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं" हे मी अशा थाटात म्हणायचो, की जेवून उठलेली माणसंही पुन्हा बसायची. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. मग कंबरेने दगा दिला, बांबू उचलवेनात. मुलगी सासरी गेलेली, घरात मी आणि बायको. मी सगळं सामान विकलं, पैसे बँकेत ठेवले आणि जाहीर केलं, की आता फक्त आराम. त्याच महिन्यात आमच्या घरमालकांनी ते घर विकलं. नवरात्राच्या आधी खोल्या रिकाम्या करा, असा निरोप आला.

आमच्याकडे घट बसतो. एकदा बसला, की नऊ दिवस तो जागचा हलवायचा नसतो. बायकोने लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकवलेलं नव्हतं. "घट कुठं बसवायचा?" एवढंच ती विचारायची, तेही शांतपणे. रागावली असती, तर मी काहीतरी उत्तर ठोकून दिलं असतं. ती शांतपणे विचारायची, म्हणून मी चपला घालून बाहेर पडायचो.

मी घर शोधायला निघालो तो नवरदेवासारखा नटून. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, बोटात अंगठी आणि प्लास्टिकच्या फाइलीत बँकेतल्या ठेवीच्या पावत्या. प्रत्येक घरमालक पाणी द्यायचा, खुर्ची द्यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, पगार किती? मी फाइल उघडायचो. एक मालक पावत्या बारकाईने बघून म्हणाले, "हे तर साठवलेलं झालं. महिन्याला काय येतं?" महिन्याला काहीच येत नव्हतं. मग मी आवाज लावून म्हणालो, "वर्षाचं भाडं एकदम देतो, आत्ता." त्यांनी आपली खुर्चीच मागे घेतली. "एकदम देणाराचीच भीती वाटती. काय भानगड हाय तुमची?" पुढच्या घरी मी ठेकेदार असल्याचं सांगून पाहिलं. तिथले काका चष्मा पुसून माझ्याकडे बघत राहिले. "तुमी मंडपवाले न्हाई का? आमच्या पोरीच्या लग्नात तुमचा मंडप गळालता." मी पाणी न पिताच उठलो.

अशी दहा-बारा घरं झाली. घटस्थापना आठवड्यावर आली. देवीला मी मानत होतो, पण लांबच्या पाहुण्याला मानावं तसा. समोर आली तर नमस्कार, नाहीतर तिचं तिकडे, आपलं इकडे. त्या दिवसांत तर नमस्कारही बंद केला होता. जिला बसायला माझं घर लागतं, तिने ते शोधू द्यायला एवढं छळावं, याचा मला राग आला होता.

मंगळवारी बायकोने गळ्यात घालायची कवड्यांची माळ आणि वेताची परडी माझ्यापुढे ठेवली. घर मिळावं म्हणून तिने जोगव्याचा नवस बोलला होता. देवीच्या नावाने पाच घरी मागायचं, पडेल ते घ्यायचं, दुसरं काही मागायचं नाही आणि पाच घरं पुरी झाल्याशिवाय परतायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. तिचे गुडघे सुजलेले, म्हणून जायचं मी.

"मी? परडी घेऊन?" मी म्हणालो. "लोक काय म्हणतील?"

"दारोदार तर फिरायलाच लागलाव," ती म्हणाली. "आता तिच्या नावानं फिरा."

मी अनवाणी निघालो. पण स्वभाव कुठे जातो? कबूल करतो, मी मनात एक डाव आखला होता. खोल्या रिकाम्या असलेलीच पाच घरं निवडायची. परडी बघून कोणी हाकलणार नाही, आणि जोगवा वाढता वाढता विषय काढता येईल. पहिल्या तीन घरी पीठ पडलं आणि दार लागलं. चौथ्या घरी मी हळूच म्हणालो, "वरच्या खोल्या मोकळ्याच दिसतात, ताई." बाईंनी पिठाची वाटी परडीत रिकामी केली आणि म्हणाल्या, "जोगवा मागायला आलाव का खोल्या बघायला?" पंचवीस वर्षं माइकवर कधी न अडखळलेला मी, परडी छातीशी धरून त्या दारातून मागे फिरलो. रीत मी मोडली होती. परडीतल्या पिठाकडे बघायचीही लाज वाटली.

हेरून ठेवलेल्या पाचव्या घराला कुलूप होतं. ऊन चढलं होतं, पाय भाजत होते. मी तिथेच भिंतीच्या सावलीला उभा राहिलो. कोपऱ्यावर एक दाढीवाले गृहस्थ गाड्यावर सीताफळं लावत होते.

"कावून थांबलाव, मामू?"

"पाच घरं लागतात. चार झाली. इथं तर कुलूप."

"मग गल्लीच्या टोकाला जा की. हिरवं दार. अम्मा घरीच असती, तिला कुठं जायचं हाय?"

त्या दारावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी नव्हती. मला तिथे काहीच मिळवायचं नव्हतं. म्हणूनच की काय, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून "आईचा जोगवा" हे शब्द नुसते तेवढेच निघाले. सत्तरीच्या पुढच्या आजी सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी ओंजळ भरून ज्वारी परडीत घातली, परडीला हात लावून कपाळाला नेला आणि सहज विचारलं, "घट कुठं बसतो तुमचा?"

"अजून जागा न्हाई, आई."

"करता काय?"

ठेकेदार नाही, ठेवी नाहीत, फाइलही नाही. मी म्हणालो, "काहीच न्हाई. घरीच असतो."

आजींचं सूप थांबलं. "दिवसभर?"

"दिवसभर. बायको पण."

मग त्यांनी सूप बाजूला ठेवून सांगितलं. उन्हाळ्यात त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या. पुढच्या दोन खोल्यांत तेव्हा नवरा-बायको दोघंही नोकरीवाले राहायचे. आजी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ओल्या फरशीवर पडून हाका मारत होत्या. पुढे त्या दोघांची बदली झाली. खोल्या मोकळ्याच राहिल्या, कारण आता पुण्यातला मुलगा पुन्हा नोकरीवालाच भाडेकरू शोधत होता. आजींनी माझ्यासमोर त्याला फोन लावला. पलीकडून पगाराचं काहीतरी विचारलं गेलं असावं.

"पगारवाले लई बघितले," आजी म्हणाल्या. "सकाळी कुलूप, रात्री उघडणार. मला दारात माणूस पाहिजे, बाळा."

मी तेव्हाही वर्षाचं भाडं एकदम देऊ केलं. सवय. त्या म्हणाल्या, "महिन्याच्या महिन्याला दे. तेवढंच येऊन बसणं होईल."

परडी घेऊन घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी परडी देवीपुढे ठेवली. जोगव्याच्या पिठाच्या भाकरी केल्या, देवीला दाखवल्या. आजींची ओंजळभर ज्वारी तिने बाजूला बांधून ठेवली, आणि घटस्थापनेला त्या हिरव्या दारामागे, घटाभोवतीच्या मातीत तीच पेरली.

आता तुम्हाला वाटेल, की तो सीताफळवाला मला पुन्हा कधी दिसलाच नाही. दिसतो की. रोज तिथेच असतो आणि मला दोन फळं हमखास कच्ची घालतो. चमत्कार झाला की नाही, हे मी कुणाशी भांडत बसत नाही. मला एवढंच कळतं, की जे लपवायला मी पांढरे सदरे घातले, तेच कुणालातरी हवं होतं. मी ते झाकून फिरत होतो, म्हणून दिसत नव्हतं.

आजी दिवसातून दहादा आतून हाक मारतात, "हाय का रे?" मी ओट्यावरून म्हणतो, "हाय, आई." तेवढ्याने त्यांचं समाधान होतं, पुन्हा सूप वाजायला लागतं. संध्याकाळी देवीपुढे दिवा लावतो तेव्हा मला आठवतं, की इतकी वर्षं मीही देवीला "हाय का?" असंच विचारत आलो होतो, आणि उत्तराची वाट न बघताच पुढच्या दाराकडे निघत होतो. आता दिवा लावून झाल्यावर थोडा वेळ तिथेच बसतो.