जांभळीचं बेचकं

१८ मे २०२४, शनिवार. छपरावर येऊन स्वयंपाकघराचा उजेड अडवणारी जांभळीची फांदी उतरवायला सकाळी नऊला रुपाली आली. दोर, पट्टे, हेल्मेट; मदतीला अनघा. चंपाही आली. तिला बोलावलं नव्हतं.

कुसगावच्या माधवीबाईंच्या वहीतली ही नोंद. याच वहीत चोवीस वर्षं दर उन्हाळ्यात एक ओळ ठरलेली असे: 'चंपा चढली. दोन पाट्या जांभळं.'

चंपा कार्ल्याची लेक, कुसगावची सून. कासोटा घालून अनवाणी चढायची. जांभळीचं लाकूड दगाबाज, म्हणून पाय टाकण्याआधी फांदीवर कोयत्याची पाठ आपटून कान द्यायची. कधी पडली नाही. पण तिचा फोटो कुणी काढला नाही. आणि ही रुपाली, शेजारची पोर, जिला चंपानंच पेरूवर चढायला शिकवलं, ती झाडावर चढायच्या कुठल्याशा स्पर्धेत बायकांत दुसरी आली, तर चौकात फ्लेक्स लागला! येताजाता चंपा त्या फ्लेक्सकडे पाठ करून चालायची.

"मावशी, मागं सरका, दोर टाकते," रुपाली म्हणाली.

"टाक की. आमी काय, बिनदोराची माणसं."

"चढता का? जादा पट्टा हाय."

"बैलाला घाल तुजा पट्टा!"

अनघा हसली. चंपाला ते लागलं.

रुपालीनं खोडावर लाकडी हातोडी ठोकून पाहिली, मग दोर वरच्या जाड बेचक्यातून ओवून घेतला. चंपानं वर पाहिलं. गेल्या जूनमध्ये त्याच बेचक्यात तिनं हात घातला होता. मनगटापर्यंत गेला, काळं पाणी आणि मुंग्या निघाल्या. खालून ते दिसत नव्हतं.

सांगावं का? पदक तिला, फ्लेक्स तिचा, आता हे झाडही तिचंच. लोंबू दे जरा. कळू दे.

रुपालीनं पट्टा आवळला. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले.

"उतर! ए भवाने, उतर आदी!" चंपा ओरडली. "ते बेचकं सडलंय!"

रुपाली खाली आली. "मग कुटं टाकू, मावशी?"

चंपानं काठीनं शेजारचं बेचकं दाखवलं. त्यावरून रुपाली चढली, सडक्या जागी करवतीचं टोक टेकवलं. टोक लोण्यात जावं तसं गेलं.

दुपारपर्यंत फांदी उतरली. "आमच्यासंगं कामाला या ना, मावशी," रुपाली म्हणाली.

"तुज्या हाताखाली? न्हाई जमायचं."

त्या दोघी हात धुवायला गेल्यावर चंपानं हेल्मेट उचलून पाहिलं. ते पिसासारखं हलकं होतं. तिला त्याचाही राग आला. कोयता कमरेला खोचून, चहा न घेताच ती निघून गेली.

माधवीबाईंनी रात्री वहीत लिहिलं: 'स्वयंपाकघरात दिवा आज सात वाजता लावला. काल साडेपाचला लावावा लागला होता.'