तात्यांचं तीन मिनिटांचं चालणं

नव्वदच्या दशकात आमच्या सांगवीत चालायचं मशीन फक्त माझ्या चुलत्याकडं, तात्यांकडं होतं. तात्यांची साखर वाढली होती. पाय वाचवायचा असेल तर रोज मळ्यापर्यंत चालत जा, असं बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तात्यांनी पुण्याहून विजेवर फिरणारा महागडा पट्टा आणून ओसरीवर मांडला. त्यावर तीन मिनिटं चालायचे, घाम पुसायचे आणि जीपमध्ये बसून मळ्यात जायचे.

"तात्या, एवढ्यानं काय होतंय?" मी विचारलं.

"मशीनवरचं चालणं अंगी लागतंय. रस्त्यानं चालायला मी काय गाढव हाय?"

तेव्हाच चुलती रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन त्याच मळ्याकडं चालत निघाली होती.

खंडेनवमीला ट्रॅक्टरबरोबर मशीनलाही झेंडूचा हार पडला. पुजलेलं अवजार त्या दिवशी चालवत नाहीत, म्हणून तात्या दिवसभर बाजेवर लोळले.

"मशीनला सुट्टी हाय, पण तुमच्या पायांना कुणी हार घातला?" मी म्हणालो. त्यांनी चप्पल फेकून मारली.

ती तीन मिनिटं वाईट नव्हती. तेवढ्यावर उरलेला दिवस बसून काढायचा, हा माज वाईट होता.

दिवाळीनंतर पायाचं बोट काळं पडलं. डॉक्टरांनी विचारलं, "चालत होता ना?"

"रोज," तात्या म्हणाले.

"जीपपर्यंत," चुलती म्हणाली.

बोट कापावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्याबाहेर येऊन तात्या जीपमध्ये बसले. चुलती चढायला गेली तसं त्यांनी दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल. हिला चालायची लई हौस हाय, येऊ दे चालत."