मे महिन्यातली पाहणी

केशवराव मेश्राम बहरीनला आले त्याला सतरा वर्षं झाली. सलमाबादच्या एका सर्वेक्षण कंपनीत ते टेक्निशियन. किनाऱ्यावर बांधकाम निघालं की तिथली झाडंझुडपं मोजून द्यायची, हे त्यांचं काम.

दक्षिणेला समुद्रालगत वाळूच्या टेकड्यांची एक चिंचोळी पट्टी होती. हिवाळ्यात पावसाचे चार शिंतोडे पडले की तिथे वीतभर उंचीचं एक रानगवत उगवे. एप्रिल सरेपर्यंत ते वाळून, सांध्यासांध्यांवर तुटून वाऱ्यावर जाई. मागे वाळूत फक्त बी उरे. बेटावर दुसरीकडे ते गवत केशवरावांना कधी दिसलं नव्हतं. दर फेब्रुवारीत एखाद्या शुक्रवारी बायको भागीरथा आणि लेक श्रद्धा यांना घेऊन ते तिथे जात. डबा उघडायच्या आधी गवत बघून येत.

त्या पट्टीवर रिसॉर्ट बांधायचं ठरलं. पाहणीची तारीख आली मे महिन्यातली.

"नझीरभाई, अभी कुछ नहीं मिलेगा. ये घास फरवरी में दिखती है," केशवराव मॅनेजरला म्हणाले.

"जो दिखता है वही लिखो. झूठ थोडी लिखना है."

चाळीस जागी मोजलं. चाळीसही जागी नुसती वाळू. केशवरावांनी मूठभर वाळू चाळली, तर बी निघालं. फॉर्ममध्ये बियांचा रकानाच नव्हता. त्यांनी खाली तसा शेरा लिहिला. टाइप होऊन आलेल्या रिपोर्टात तो शेरा नव्हता. 'वनस्पती आढळली नाही' एवढंच होतं.

"साइन करो केशवभाई, यल्ला," नझीर घाई करत म्हणाला.

व्हिसा संपायला दोन महिने होते, आणि तो वाढवणं कंपनीच्या हातात होतं. श्रद्धा दहावीत होती. केशवरावांनी सही केली.

जूनमध्ये बापलेकींनी तिथली दोन पोती वाळू ईसा टाउनच्या घरी आणली. डिसेंबरात ती टबांमध्ये पसरून केशवराव रोज पाणी शिंपू लागले. मार्च आला तरी कोंब नाही.

"बाबा, मेबी द सीड्स आर डेड," श्रद्धा हळूच म्हणाली.

जानेवारीत पाऊस झाला तेव्हा ते टेकड्यांकडेही जाऊन आले होते. पत्र्याचं कुंपण, आत रोलर फिरवून दाबलेली मुरमाड जमीन. गवत मफी, टेकड्याही मफी; काहीच उरलं नव्हतं.

श्रद्धा हे बोलली त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"काऊन असे करता हो?" भागीरथा म्हणाली. "तुम्ही नसती केली तर दुसऱ्या कोणी केली असती सही."

"असती. पण मले माहीत होतं, भागी. दुसऱ्याले माहीत नसतं."

ताट झाकून ती आत गेली.

एप्रिलमध्ये केशवरावांनी नझीरकडून ऑफिसातलं काम मागून घेतलं. आता ते दिवसभर स्क्रीनसमोर बसून इतरांनी मोजून आणलेले आकडे भरतात. त्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नसतो.