काचेआडचा वरपिता

स्वतःच्या घरची मोटारगाडी आतून पाण्याने धुणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा नाही, याची मी कलमवार खात्री करून घेतलेली आहे.

हे प्रारंभीच स्पष्ट करण्याचे कारण असे, की आमच्या घरात मला गेले कित्येक महिने आरोपी म्हणून वागवले जात आहे. (चहासुद्धा जामीन मंजूर केल्याच्या थाटात पुढे येतो!) म्हणून घडले ते सर्व, काहीही दडवून न ठेवता, वाचकांच्या न्यायासनासमोर मांडतो.

आमच्या योगेशने गाडी घेतली, तेव्हा तिच्यासोबत आलेले माहितीपुस्तक घरात मी एकट्यानेच वाचले. पेन्सिलीने खुणा करत वाचले. उभी हयात सरकारी आस्थापना शाखेत काढल्यामुळे न वाचता सही करणारा आणि न वाचता गाडीत बसणारा हे दोघेही माझ्या लेखी सारखेच बेजबाबदार. त्या पुस्तकातल्या एका पानाने माझी झोप उडवली. पूर्वीच्या गाडीत दिव्याचे बटण दाबले, की दिवा लागायचा, विषय संपला. या गाडीत बटण दाबणे म्हणजे केवळ अर्ज करणे! तो अर्ज जातो डॅशबोर्डखाली दडून बसलेल्या एका डब्याकडे. त्याचे नाव 'बॉडी कंट्रोल मोड्यूल'. दारांची कुलुपे, काचा, दिवे, वायपर, हॉर्न, चोराला पाहून बोंबलणारा भोंगा, ही सगळी खाती त्या एका डब्याकडे. तो अर्जाचा विचार करतो आणि मग संबंधितांना आदेश काढतो.

"एकाच डब्याच्या हाती इतके अधिकार?" मी योगेशला विचारले. "आणि डब्याचा निर्णय चुकला, तर अपील कुठे करायचे?"

"बाबा, अपील नसतंय. गाडी शोरूमला न्यावी लागती."

मी त्याच दिवशी कंपनीला पत्र धाडले: अधिकारांचे असे केंद्रीकरण लोकशाहीशी विसंगत असून दारांचे खाते तरी स्वतंत्र करावे. कंपनीचे उत्तर आले, 'आपण दाखवलेल्या आपुलकीबद्दल आभार.' आपुलकी! मी स्मरणपत्र पाठवले. त्याला उत्तर नाही.

असो. खरा प्रश्न गाडीचा नव्हता, योगेशच्या लग्नाचा होता. आमच्या भागात आता मुली मुलांना नापसंत करतात, आणि त्यात गैर काही नाही. पण आमच्याकडे मुलाला पसंत करून बापाला नापसंत करण्याची प्रथा पडली होती. पहिल्या स्थळी मी बैठकीचे इतिवृत्त लिहून उपस्थितांच्या सह्या मागितल्या. तेलगावच्या स्थळी मुलीच्या जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत मागितली. बस्स, एवढेच! त्यांनी पोह्यांच्या बशा अर्ध्यातून उचलल्या.

आता चौसाळ्याचे स्थळ होते. मुलगी ॲडव्होकेट रेणुका, बीडच्या कोर्टात वकिली करणारी. फोनवर तिच्याशी बोलताना योगेश हसायचा. (आमच्या घराण्यात पुरुषांनी हसण्याचा हा पहिलाच प्रसंग!) हे स्थळ गेले असते, तर पोरगा मनातून मोडला असता, हे मलाही कळत होते.

आदल्या दिवशी सौभाग्यवतींनी मला समोर बसवले.

"तिथं तुमी फक्त नमस्कार करायचा. शब्द काढायचा न्हाई."

"आणि समोरच्याने प्रश्न विचारला तर?"

"हसायचं."

"विनाकारण?"

"अहो, पोराचं वाटोळं करू नका हो! ह्या बारीला तुमच्यामुळं मोडलं, तर जल्मभर त्याचा सैपाक तुमी करायचा."

मी शपथ घेतली. आणि वरपित्याचे कर्तव्य म्हणून सकाळी गाडी धुवायला घेतली. आमचे मेव्हणे भागवतराव, ज्यांनी ही सोयरीक आणली, त्यांनी गाडीतून सरकीची पोती नेल्यामुळे आत सगळीकडे कापूस चिकटला होता. फडक्याने निघेना. तेव्हा ट्रॅक्टर धुतो तोच पाण्याच्या मोटारीचा पाइप मी आत घातला आणि आसनांपासून डॅशबोर्डखालपर्यंत सगळे स्वच्छ करून टाकले. (पुस्तकात 'आतून पाणी मारू नये' असे छापलेले आहे. परंतु ती सूचना सल्लादर्शक आहे, बंधनकारक नव्हे, असे माझे मत होते.)

चौसाळ्याला निघालो, आमचे पाटोदा सोडले आणि कोरड्या ठणठणीत उन्हात वायपर सुरू झाले.

"बाबा, मी काहीच दाबलं न्हाई!" योगेश म्हणाला.

"स्वाधिकारे दखल!" मी गरजलो. "अर्ज नसताना आदेश! मी लिहिलंच होतं कंपनीला!"

"झालं सुरू," सौभाग्यवती खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

चौसाळ्यात बाजीरावअण्णांच्या, म्हणजे मुलीच्या वडिलांच्या, दारात गाडी थांबली. योगेश, भागवतराव आणि सौभाग्यवती उतरले. मी मागच्या आसनावर बसून राहिलो. वरपित्याच्या गाडीचे दार वधूपित्याने येऊन उघडायचे असते. हा मान माझा नव्हे, पदाचा आहे!

"बसा मग," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतले. त्यांच्या स्वरात मला किंचित समाधान जाणवले.

तेवढ्यात खट् असा आवाज झाला. चारही दारांना कुलूप! मी दार ओढले, उघडेना. लहान मुलांनी चालत्या गाडीचे मागचे दार उघडू नये म्हणून एक खटका असतो. तो लावून ठेवावा असे पुस्तकात लिहिले आहे, आणि आमच्या घरात लहान मूल नसतानाही तो मीच लावला होता. काचेचे बटण दाबले. अर्ज फेटाळला! मी ओरडलो, "योगेश, दार उघड!" आणि त्याच क्षणी हॉर्न वाजू लागला. मी थांबलो, तर हॉर्न थांबला. मी पुन्हा तोंड उघडले, तर पुन्हा हॉर्न! इतकी वर्षे घरात अनेकांना जे जमले नव्हते, ते त्या डब्याला एका फटक्यात जमले.

पुढचे संभाषण मी स्वतः ऐकलेले नाही. मला फक्त ओठ हलताना दिसत होते. ते नंतर मला सांगण्यात आले. सबब ऐकीव पुरावा म्हणून नोंदवतो.

"व्याही उतरंनात कावून?" बाजीरावअण्णांनी विचारले.

"त्यांचं तोंडच तसं हाय," सौभाग्यवती म्हणाल्या. "घरीबी असंच करतेत. बसू द्या."

"तसं कसं! पाव्हणा दारात रुसून बसला तर गाव काय म्हनंल?"

अण्णा टॉवेल, टोपी, नारळ घेऊन काचेपाशी आले आणि हात जोडून उभे राहिले. मी आतून काच बडवली, ओरडलो, हॉर्न वाजला. अण्णा दचकून मागे सरले.

"लई तापलेत," कोणीतरी म्हणाले.

आता शब्द निरुपयोगी ठरल्याने मी हातवाऱ्यांकडे वळलो. प्रथम गाडीकडे बोट दाखवले. मग हाताने जोरात 'नाही, नाही' केले. मग दोन्ही हातांनी हवेत डब्याचा चौकोन काढून डॅशबोर्डखाली बोट दाखवले. म्हणजे, या गाडीतला डबा बिघडला आहे. याहून स्पष्ट निवेदन मूकबधिरांच्या न्यायालयातही झाले नसते!

भागवतराव डोळे बारीक करून बघत होते.

"ही गाडी नको म्हनतेत."

"मंग?"

"हातानं मोठी दाखवायलेत बघा. दाजींना मोठी गाडी पायजे."

अण्णांच्या हातातला टॉवेल खाली आला. योगेश पांढराफटक पडून म्हणाला, "मामा, काय बोलायलाव! बाबा असलं मागतेत व्हय?" पण तोवर बातमी स्वयंपाकघरात पोचलेली होती.

मी इकडे पुढच्या आसनावर जाऊन तिथले दार उघडावे असे ठरवले आणि दोन आसनांच्या मधल्या फटीतून शरीर पुढे घातले. छाती गेली. पोट जाईना. पुढे नाही, मागे नाही! अंगावरची परीटघडी पांढरी विजार मागच्या काचेकडे करून, चौसाळ्यातल्या प्रतिष्ठित नागरिकांना मी बराच वेळ पाठ दाखवून होतो. याचाही अर्थ अपमान असाच काढण्यात आला.

कसाबसा मागे निसटलो, तर खिडकीपाशी साक्षात वधू! पदर खोचलेला, डोळ्यांत अंगार. तिने मोबाइल काचेला चिकटवला. पडद्यावर हुंडा प्रतिबंधक अधिनियम! तिचे बोट कलम तीनवर.

माझे मन भरून आले. मुली पाहायला गेल्यावर गाणे ऐकवणाऱ्या, भरतकाम दाखवणाऱ्या मुली मला ठाऊक होत्या. अधिनियम दाखवणारी ही पहिलीच! हुंड्याविरुद्ध मी स्वतः वर्तमानपत्रांना किती पत्रे लिहिली असतील! मी आनंदाने जोरजोरात मान हलवली. अंगठाही वर केला.

"बघा!" अण्णा ओरडले. "कबूल बी करायलेत! काय निबर मानूस हाय!"

"उठा," रेणुकाची आई म्हणाली. "पोहे आत न्या."

योगेशने खाली मान घातली. आणि कोणाचाही अर्ज नसताना डब्याने आदेश काढला. माझ्या खिडकीची काच सर्रकन खाली गेली, हॉर्न गप्प झाला, आणि त्या शांततेत माझा आवाज अख्ख्या आळीत घुमला:

"तिसरं नव्हे, पोरी, चौथं! मागितल्याबद्दल चौथं कलम लागतं! कोण आहे तो नालायक? सोडू नकोस त्याला!"

रेणुकाने मोबाइल खाली घेतला.

"तुमीच की, मामा," ती म्हणाली.

"मी? मी काय मागितलं?"

"मोठी गाडी."

"अगं, ही एक आहे तिच्यातून मला बाहेर पडता येईना, दुसरी कशाला मागू? दार लागलंय! डबा बिघडलाय! मला सोडवा!"

आधी रेणुका हसली. मग योगेश हसला. मग अण्णा टॉवेल तोंडाला लावून असे हसले, की त्यांना ओट्यावर बसवावे लागले. वातावरण निवळलेले पाहून मी शपथ विसरलो आणि घसा खाकरला.

"आता बोलणे निघालेच आहे, तर जन्मदाखल्याच्या साक्षांकित प्रतीबाबत..."

काच सर्रकन वर गेली. हॉर्न सुरू!

सौभाग्यवतींनी जे प्रसंगावधान दाखवले, त्याला तोड नाही. "अण्णा, काच वर हाय तवर सुपारी फोडून घ्या! पुन्हा खाली आली, तर माझ्याच्यानं काही सांगता येत न्हाई!"

आणि फोडली! योगेशला टिळा, रेणुकाची ओटी, पेढे, तिथी, कार्यालय, जेवणातला गोड पदार्थ, सगळे माझ्या डोळ्यांदेखत ठरले. मी आतून हरकती घेत होतो. प्रत्येक हरकतीला हॉर्न लागत होता आणि आळीतली माणसे त्याला वाजंत्री समजून माना डोलवत होती. सगळे आटोपल्यावर योगेशला आठवले, की किल्ली हाताने फिरवूनही दार उघडते. (आधी का आठवले नाही, याचा खुलासा त्याने अद्याप दिलेला नाही!) मी घामाने निथळत बाहेर आलो. अण्णांनी मला टोपी घातली, मिठी मारली आणि म्हणाले, "लई शांत मानूस हाय तुमी, व्याही!"

पुढे शोरूममध्ये तो डबा उघडला, तर आतून पाण्याची धार लागली. "साहेब, गाडी धरणातून काढली का?" असे मला विचारण्यात आले. डबा बदलला. लग्न झाले. तरीही अन्याय तो अन्याय! मी कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे द्यायची सविस्तर तक्रार तयार केली आणि तपासायला सूनबाईंकडे दिली. एका रात्री जेवताना तिने ती वाचली.

"मामा, भाषा लई भारी झालीय. पण नुकसान काय झालं, ते कुठंच न्हाई. नुकसान दाखवल्याबिगर दाद कशाची मागायची?"

मी ताटांभोवती बसलेल्यांकडे पाहिले. "सांगा, माझे काय नुकसान झाले?"

"नुकसान?" सौभाग्यवती म्हणाल्या. "काच खाली ऱ्हायली असती, तर झालं असतं."

"दाजी, कंपनीला हारनारळ पाठवा," जेवायला थांबलेले भागवतराव म्हणाले.

"बाबा," योगेश हळूच म्हणाला, "तो डबा बदलायलाच नको होता."

तक्रार मी मागे घेतली. साक्षीदार शोधत फिरण्याची कंपनीला गरजच नव्हती. ते सगळे माझ्याच घरात माझीच भाकरी मोडत बसले होते, आणि त्यांची वकीलही मी स्वतःच वाजतगाजत घरात आणलेली होती!