ब्रेकफेलची पोर

ती बस डेपोत मेकॅनिक होती. चाळीस पुरुषांत एकटी बाई, आणि गिअरबॉक्स अडला की तेच चाळीस जण तिला हाका मारत यायचे. पण ज्या गल्लीत ती लहानाची मोठी झाली, तिथं तिला कुणी मेकॅनिक म्हणत नसे. तिथं ती ब्रेकफेलची पोर.

नाव बापामुळे चिकटलं होतं. तिचे अण्णा लष्कराचा ट्रक चालवायचे. ती तेरा वर्षांची असताना टेकडीच्या उतारावर त्यांचा ट्रक सुटला, कठडा फोडून खडकावर आदळला आणि मागे बसलेल्या शिपायाचा पाय गेला. चौकशीत अण्णा एकच सांगत राहिले, "पॅडल पोकळ गेलं. ब्रेक लागलाच नाही." त्यावर वर्कशॉपच्या फोरमननं साक्ष दिली, की गाडी आदल्या दिवशी मी स्वतः तपासली, ब्रेक ठणठणीत होते, चालकाचंच लक्ष नव्हतं. झालं! फोरमनचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अण्णांची नोकरी गेली, वर्दी गेली, आणि गल्लीतल्या पोरांना सायकलवरून ओरडायला एक शब्द मिळाला. आई तेव्हापासून मान खाली घालून बाजारात जायची, ती मरेपर्यंत. अण्णांनी पुन्हा म्हणून गाडीच्या चाकाला हात लावला नाही.

चौकशीच्या कागदांची नक्कल ट्रंकेत होती. पोरीनं ती इतक्यांदा वाचली, की ट्रकचा चासी नंबर तिला पाढ्यासारखा पाठ झाला. पुढे ती हौसेनं मेकॅनिकचं काम शिकली, असं लोक म्हणत. हौस कसली! डूख धरला होता तिनं.

एकतीस वर्षांनी एका भंगारवाल्याकडे बसचा जुना अॅक्सल शोधताना तिला कोपऱ्यात एक लष्करी ट्रक दिसला. नाक चेपलेलं, टपावर गवत. सवयीनं तिनं चासीवरचा गंज कानशीनं खरवडला. पहिले तीन आकडे दिसले आणि पुढचे तिनं न बघताच म्हटले. मग खरवडून पाहिले. तेच होते.

आठवड्याभरात ट्रक घरामागच्या मोकळ्या जागेत येऊन पडला. नवरा शिंपी होता, स्वभावानं थंड. त्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "पांढरा हत्ती पोसतात असं ऐकलं होतं. हा तर हिरवा निघाला."

"तुला ताडपत्रीचं छप्पर शिवायचंय त्याला."

"माप घ्यायला शिडी लागेल," एवढंच बोलून तो कामाला लागला.

अण्णा तेव्हा तिच्याकडेच राहायचे. त्यांनी खिडकीतून ट्रक पाहिला, ओळखला आणि खिडकी लावून घेतली. त्या दिवसापासून ते पुढच्या दारानंच ये-जा करू लागले.

तिनं इंजिनला आधी हात लावलाच नाही. ती थेट गाडीखाली शिरली. अपघातानंतर दोष चालकावर टाकून मोकळे झाल्यामुळे ब्रेक कुणी उघडलेच नव्हते. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची पोलादी नळी तिनं बोटांनी चाचपत नेली, आणि अॅक्सलच्या वर तिचं बोट अडलं. तिथं वीतभर तुकडा तांब्याचा होता. डिझेलची नळी! ब्रेकच्या नळीत मध्येच जोडून दोन्ही टोकांना पितळेनं झाळलेली, वर हिरवा रंग फासलेला. एका झाळेपाशी केसाएवढी चीर होती. ब्रेकचा दाब त्या तांब्याला सोसणार कसा? आणि ज्यानं हे केलं त्याला ते कळत नसेल? ती गाडीखाली पडल्या पडल्या हसली. मग तिथंच ओक्साबोक्शी रडली. बाहेर आली तेव्हा नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाली, "गंज गेला डोळ्यात."

पण हा काही लेखी पुरावा नव्हता; माणसानं कबूल केल्याशिवाय ती नळी म्हणजे नुसतं भंगारच. मग तिनं ट्रक मनासारखा घडवायला घेतला. नाक ठोकून सरळ केलं, इंजिन उघडून पिस्टन बदलले, लाकडी हौदा नवा केला. हिरवा रंग काढून विटकरी दिला. लोकांना वाटलं, बाई छंदाला लागली. पण शेजारच्या सीटपुढे तिनं ब्रेकचं दुसरं पॅडल बसवलं, गाडी शिकवणाऱ्यांकडे असतं तसं. तांब्याचा तुकडा काढून जपून ठेवला, त्या जागी नवी नळी टाकली आणि तिच्यात ब्रेकचं तेल सोडून देणारी, हाताशी येईल अशी एक तोटी घातली. तोटी फिरवली की दोन्ही पॅडलं पोकळ. आणि मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्यावर एक वेगळा, दणकट हँडब्रेक चढवला, त्या नळीशी काही संबंध नसलेला. अण्णांचा ट्रक सुटला तो टेकडीचा जुना रस्ता आता रहदारीला बंद होता. वाळूची पोती भरून तिनं सात रविवार त्या उतारावर गाडी सोडली आणि थांबवली.

फोरमन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. निवृत्त कामगारांच्या संघटनेचा अध्यक्ष, शब्दाला वजन. ती गेली आणि गोड बोलली. "काका, जुनी गाडी बांधलीय. तुमच्यासारख्या जाणकाराची नजर फिरली तर बरं होईल."

म्हातारा हरभऱ्याच्या झाडावर चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो तिच्याशेजारी बसला. "इंजिन शिवणयंत्रासारखं वाजतंय," म्हणाला. "बाई असून हात चांगला आहे तुझा."

टेकडीच्या माथ्यावर तिनं गाडी थांबवली आणि चासी नंबर सांगितला. त्याला काही आठवलं नाही. मग तिनं बापाचं नाव सांगितलं. फोरमनच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमच्या पायाशी पॅडल आहे, काका. ब्रेक ठणठणीत आहेत, मी स्वतः तपासलेत." तिनं तोटी फिरवली आणि गाडी सोडली.

पहिल्या वळणापर्यंत तो दाराची कडी धरून बसला. मग गाडीनं वेग घेतला आणि त्यानं पॅडल दाबलं. ते तळाला टेकलं. त्यानं पुन्हा दाबलं, दोन्ही पायांनी दाबलं, सीटवरून अर्धा उठून दाबलं.

"लागत नाहीये! अगं, पोकळ आहे!"

"लक्ष नसेल तुमचं."

"पोरी, थांबव! हात जोडतो!"

"नळी कुणी झाळली?"

"नवी नळी नव्हती! वरून घाई होती, गाडी सकाळी हवी होती! मीच सांगितलं झाळायला, मीच! थांबव!"

तिनं हँडब्रेक ओढला. ट्रक कण्हत कण्हत फुटक्या कठड्याच्या पंधरा पावलं अलीकडे थांबला. फोरमनची विजार ओली झाली होती. तिनं हौद्यातून पाण्याचा डबा आणून दिला, कोरा कागद दिला, पेन दिलं, आणि बॉनेटवर ठेवून त्याच्याकडून सगळं लिहून घेतलं. पहिल्यांदा अक्षर लागेना म्हणून दोनदा लिहायला लावलं.

घरी येऊन तिनं तो कागद आणि नळीचा तुकडा अण्णांपुढे ठेवला. त्यांनी नळी बराच वेळ फिरवून पाहिली. "मला वाटायला लागलं होतं, माझाच पाय चुकला असेल," ते म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मग कागद कसा मिळवला ते ऐकून भडकले. "म्हाताऱ्या माणसाला उतारावर सोडलंस? उद्या त्याच्या छातीत कळ आली असती तर? हेच शिकवलं का मी?" बोलून बोलून ते दमले, पाणी प्यायले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "किती घाबरला?"

तिनं सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. विजारीपर्यंत आली की ते हात वर करून तिला थांबवत आणि डोळे मिटून घेत.

कागदाची एक प्रत तिनं पाय गेलेल्या शिपायाकडे पोचवली, एक संघटनेच्या फळ्यावर लावली. फोरमनचं अध्यक्षपद गेलं. भेटायला येणारे यायचे थांबले. त्याच्या गल्लीतल्या पोरांनी काय नाव ठेवलं ते तिनं मुद्दाम जाऊन ऐकलं.

दोन महिन्यांनी फोरमनची बायको तिच्या दारात आली. ही ट्रकच्या चाकाला ग्रीस भरत होती.

"ते घराबाहेर पडत नाहीत गं," बाई म्हणाली. "जिनासुद्धा भिंत धरून उतरतात. एकदा येऊन माफ केलं म्हण. तुझं काय जातंय?"

तिनं ग्रीसचे हात चिंध्यांना पुसले. बाईला बसायला स्टूल दिलं, कारण नळी काही बाईनं झाळली नव्हती.

"माझ्या आईनं चौकशीच्या वेळी तुमच्या दारात येऊन हेच म्हटलं होतं," ती म्हणाली. "'खरं काय ते एकदा सांगा, तुमचं काय जातंय.' दार तुम्हीच लावलं होतं ना?"

बाई पदर सावरून उठली. ती बाईला फाटकापर्यंत पोचवायला गेली, पण माफीचं नाव तिनं काढलं नाही.