आधी कोण बोललं

साप्ताहिकाच्या कचेरीत तिला सगळे फुगेवाली म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची हिंमत कुणाच्यात नव्हती. चित्रकथेतली माणसं जे बोलतात ते ठसठशीत अक्षरांत लिहायचं, भोवती फुगा काढायचा, त्याचं शेपूट बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळवायचं, मग कापून चित्रावर चिकटवायचं, हे तिचं काम. काम नाजूक, बाई मात्र नाजूक नव्हती. कापायचं पातं ती चहा पितानाही खाली ठेवत नसे. शिपाई तिचा कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवून मागच्या पावली परतायचा.

चित्रं काढायचा तिचा सख्खा धाकटा भाऊ, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ती असेल त्या वेळी तो कचेरीत पाऊल टाकत नसे; चित्रं शिपायाबरोबर पाठवी. त्याला चौकटी खच्चून भरायची खोड होती. कपाटावरचे डबे, डब्यांमागचं मांजर, मांजराच्या मिश्या, सगळं आलंच पाहिजे. माणसांनी बोलायचं कुठे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. मग हीसुद्धा त्याचीच बहीण. ज्या वस्तूवर त्यानं जीव ओतलेला दिसे, तिच्यावरच हिचा फुगा बसे. छापून झाल्यावर मूळ चित्र त्याच्याकडे जाई आणि समासात पेन्सिलीनं लिहून परत येई, ‘मांजर का झाकलंस?’ ती खाली लिही, ‘जागा का ठेवली नाहीस?’ बहीणभावाचं एवढंच बोलणं उरलं होतं.

याचं मूळ फार जुनं होतं. आईला मोठं आजारपण आलं, त्यात तिचे दोन्ही कान गेले. औषधं, रात्रीची जागरणं, सगळं हिच्या गळ्यात. अशात एका सकाळी भाऊ पिशवी भरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मी चाललो.” हिचा तोल सुटला. दाराकडे हात करून ती ओरडली, “जा. परत तोंड दाखवू नकोस.” आणि नेमकी त्याच क्षणी आई काठी टेकत आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आली. तिला दिसला मुलीचा दाराकडे रोखलेला हात, वासलेलं तोंड, आणि मुलीच्या पलीकडे मुलाची पाठ. ऐकू काहीच आलं नाही.

तेव्हापासून आईनं एकच धोशा लावला. “रिकाम्या हातानं हाकललंस माझ्या पोराला.”

आईशी बोलायचं ते कागदावर लिहूनच. हिनं मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘आधी तो म्हणाला, मी चाललो. पिशवी त्यानं आधीच भरली होती.’ आईनं कागदाची घडी घालून ती पाण्याच्या पेल्याखाली सारली. “लिहायला काय, तू काहीही लिहिशील.” हिनं तिला जेवू घालायचं, न्हाऊ घालायचं, आणि घासाघासाला हे ऐकायचं. भाऊ आईला भेटायला यायचा, पण ही कचेरीत असताना. आईनं कधी तो विषय काढला, तर हसून हात झटकायचा, ‘सोड ना, आई.’ त्याचं काय जात होतं? थोर मनाचा ठरत होता फुकटात!

आणि मग एका आठवड्याला ते पान आलं.

पहिल्याच नजरेला तिनं ओळखलं. तेच दार, तीच मोडकी कडी, मागे आईची काठीसुद्धा. डावीकडे हात रोखून उभी असलेली बहीण, उजवीकडे दारातून निघालेला भाऊ. सोबतच्या चिठ्ठीवर संवाद होते. आधी बहिणीचा: ‘जा. परत तोंड दाखवू नकोस.’ मग भावाचा: ‘मी चाललो.’ शब्द सगळे खरे. उलटा होता तो फक्त क्रम. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, बहिणीच्या डोक्यावर, डावीकडे वर, फुग्यासाठी त्यानं ऐसपैस कोरी जागा सोडली होती. वाचणारा जिथून वाचायला लागतो ती जागा! तिथे हिचा फुगा बसला की हिनंच त्याला घराबाहेर काढलं, हे गावभर छापून झालं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याला फोन लावला.

“आधी तू बोललास.”

“लिहून दिलंय तसं लाव.”

“खोटं लावू?”

“ताई, जन्मात एकदा तरी चित्र नीट बघ आणि मग लाव.” त्यानं फोन ठेवला.

चित्र बघ म्हणे! मला शिकवतो! ती तरातरा संपादकांकडे गेली. संपादक भांडणाला भिऊन असत. “शब्द बदलू नका,” ते म्हणाले, “फुगे कुठे लावायचे ते तुमचं तुम्ही बघा.”

तिला एवढंच हवं होतं. वरच्या कोऱ्या जागेत तिनं भावाचा ‘मी चाललो’ लावला आणि शेपूट लांबवून त्याच्या तोंडाशी नेलं. आता बहिणीचा फुगा खाली, नंतर वाचला जाईल असा. खाली डावीकडे तिचा हात, मधे दार. उजव्या कोपऱ्यात भावाच्या गुडघ्याशी नेहमीसारखं बारीक रेघांचं काहीतरी गिचमिड होतं. त्याची हौस! तिनं पाहिलंसुद्धा नाही धड. तिथे फुगा दाबून बसवताना तिला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. आई तिच्या लिहिण्यावर विश्वास ठेवत नसली तरी छापलेल्यावर ठेवायची.

अंक आला त्या संध्याकाळी तिनं पान उघडून आईपुढे ठेवलं, हातात भिंग दिलं. आईचं बोट वरच्या फुग्यावर थांबलं. मग खालच्या. मग पुन्हा वर गेलं.

“आधी तोच बोलला म्हणायचं,” आई हळू म्हणाली.

इतक्या वर्षांचं ओझं उतरतंय असं तिला वाटलं. पण भिंग हललं, चित्रावरून कोपऱ्याकोपऱ्यात फिरायला लागलं.

“आणि पिशवी?” आईनं मान वर केली. “पिशवी, पिशवी म्हणून डोकं खाल्लंस माझं. कुठाय पिशवी? त्यानं दाराची कडी काढली, माझी काठी काढली. पिशवी असती तर ती नसती काढली? फुगे तर तूच लावतेस. तुला हवे तसे लावलेस.” तिनं अंक मिटला. “रिकाम्या हातानं हाकललंस माझ्या पोराला.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत मूळ चित्र परत आलं होतं. समासात पेन्सिलीनं एकच ओळ होती: ‘पिशवी का झाकलीस?’

तिनं पातं खालच्या फुग्याखाली सरकवलं आणि हळूहळू कागद सोडवला. खाली पिशवी होती. पट्टा भावाच्या मुठीत, भरून टम्म फुगलेली. चेन तुटलेली, आणि मधोमध लावलेली मोठी सेफ्टी पिन. ती पिन कधीकाळी हिनंच लावून दिली होती. चित्रात तीही त्यानं काढली होती.

आईला नेऊन दाखवावं? काल नव्हती ती आज कुठून आली, हे आईनं विचारलंच असतं.

उत्तर लिहायला तिनं पेन्सिल उचलली. जागा का ठेवली नाहीस, असं या खेपेला लिहिता येत नव्हतं. जागा त्यानं ठेवली होती.